दुखत नाही म्हणून बाबा निर्धास्त आहेत, तीच काळजीची गोष्ट आहे

पुण्यातल्या धायरीहून एका लेकीचं पत्र आलंय. मोठं आहे, म्हणून कामापुरतं इथे देते.

"मावशी, बाबा ५७ वर्षांचे आहेत, शुगर १४ वर्षांपासून. अंगाने सडपातळ, पेठेत कापडाच्या दुकानात कामाला आहेत, दिवसभर उभे. गेल्या वर्षी गावी मोठ्या काकांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तेव्हापासून बाबा म्हणतात हे आपल्या घराण्याच्या पाचवीलाच पुजलंय, माझाही जाणार, मग पथ्य कशाला. दिवसाला सहा-सात सिगरेटी होतात. सकाळी सोसायटीच्या लॉनवर अनवाणी चालतात, कोणीतरी सांगितलंय त्याने शुगर उतरते. आता पालखीबरोबर दिवेघाट चढून सासवडपर्यंत अनवाणी जायचं ठरवलंय. मी काही बोलले की चिडतात. हे खरंच आनुवंशिक असतं का, की सवयी बदलल्या तर पाय वाचतो? ता.क. त्यांच्या डाव्या पायाला अंगठ्याखाली जुना घट्टा आहे. परवा मोजे धुताना तिथे पिवळसर डाग दिसला. बाबा म्हणाले दुखत नाही, काही नाहीये ते."

अगं, तुझ्या सगळ्या पत्रात महत्त्वाचं काय असेल तर तो ता.क. आहे, म्हणून बाकीचं सगळं नंतर, आधी तेवढंच वाच आणि फोन उचल. शुगर असलेल्या माणसाच्या तळपायाला घट्टा आहे आणि तिथून मोज्याला पाणी लागतंय, म्हणजे त्या घट्ट्याखाली जखम आहे असंच धरून चालायचं. वरून कडक कातडी दिसते आणि आत पोकळी झालेली असते, कधी कधी पार हाडापर्यंत. हे पालखी झाल्यावर बघू, पुढच्या पगाराला बघू असलं नाही चालणार, उद्या किंवा फार तर परवा दाखवायचं. पुण्यात बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांमध्ये डायबेटिक फूटची वेगळी ओपीडी असते, नाहीतर तुमचे नेहमीचे शुगरचे डॉक्टर किंवा सर्जन, पैशाची अडचण असेल तर ससून. आणि तोपर्यंत घरी पाय लालभडक झाला, सूज चढत गेली, वास यायला लागला, बोट काळं पडलं किंवा थंडीताप आला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच दिवशी, रात्र असली तरी कॅज्युअल्टीला घेऊन जायचं.

तोपर्यंत घरी काय करायचं, तर फार काही करायचं नाही. स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, कोरडं करायचं, निर्जंतुक गॉज ठेवून पट्टी बांधायची आणि त्या पायावर वजन द्यायचं नाही. हळद नको, तूप नको, ब्लेडने घट्टा तासायचा नाही, मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून चिकटवायची नाही कारण तिच्यात ॲसिड असतं आणि ते चांगली कातडीही खातं. दुकानातून चार दिवस सुट्टी घ्यायला लाव त्यांना, मालकाशी तू बोल हवं तर.

आता ते "दुखत नाही" प्रकरण. मी ड्रेसिंग रूममध्ये नर्स म्हणून खूप वर्षं काढली आहेत गं, आणि हे वाक्य मी जितकं ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. एक गृहस्थ आले होते, बुटातून रक्त बाहेर दिसलं म्हणून बायकोने जबरदस्तीने आणलेलं. बूट काढला, उलटा केला, तर आतून नातवाच्या खेळण्यातल्या गाडीचं छोटं प्लास्टिकचं चाक पडलं. दिवसभर ते चाक पायाखाली घेऊन माणूस काउंटरवर उभा होता, आणि मला म्हणतो, सिस्टर, काहीच टोचलं नाही हो. खोटं बोलत नव्हते ते, खरंच टोचलं नव्हतं. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की नसा खराब होतात, आणि पायाच्या नसा शरीरात सगळ्यात लांब म्हणून आधी त्या जातात. सुरुवातीला मुंग्या, जळजळ, रात्री चादर पण नकोशी वाटते, आणि मग हळूहळू काहीच वाटेनासं होतं. लोकांना वाटतं बरं झालं, जळजळ थांबली. दुखणं हा पायाचा पहारेकरी असतो, तो झोपला की कोणीही आत शिरतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की शुगर घराण्यात असते हे खरं, आई-वडील, काका, आत्या कोणाला असली की मुलांना व्हायची शक्यता वाढते. पण पाय कापला जाणं घराण्यातून येत नाही. पाय जातो तो एका क्रमाने जातो. नसा बधिर होतात, मग छोटीशी जखम होते चपलेने किंवा घट्ट्याने किंवा चटक्याने, ती कळत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरायला रक्त पोचत नाही, शुगर जास्त असल्यामुळे जंतूंशी लढायची ताकद कमी पडते, आणि वर आपण ती अंगावर काढतो. शुगरमुळे जे पाय कापावे लागतात त्यातल्या १०० पैकी साधारण ८५ जणांना आधी पायावर एक साधी जखम झालेली असते. म्हणजे सुरुवात तिथून होते. आणि या क्रमात जवळजवळ प्रत्येक पायरीवर माणसाच्या रोजच्या सवयी बसलेल्या असतात, म्हणून तर तो तोडता येतो. काकांचा आणि बाबांचा रक्ताचा वारसा एक आहे तसं दोघांची तंबाखूची, अनवाणी फिरण्याची, डॉक्टरकडे न जाण्याची सवयही बहुतेक एकच असणार. आईला विचार, काकांची जखम किती दिवस घरात होती दवाखान्यात जायच्या आधी. उत्तर ऐकून बाबांना स्वतःलाच कळेल.

सवयींमध्ये मी पहिला नंबर सिगरेटला देते, गोडाला नाही. तुला आश्चर्य वाटेल, कारण आपल्या घरांमध्ये शुगरवाल्या माणसाने जिलबी उचलली की अख्खं घर अंगावर धावून जातं आणि तोच माणूस खाली टपरीवर जाऊन दोन सिगरेटी ओढून आला तर कोणी काही बोलत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्यामागे धूम्रपान हे सगळ्यात मोठ्या कारणांपैकी एक आहे, त्यात शुगरची भर पडली की दोन्हीकडून मारा होतो. आणि "सिगरेट सोडून आता मळून खातो" हा उपाय नाही, निकोटिन तेच, रक्तवाहिनी आवळायचं काम ते करतंच, तोंडाच्या कॅन्सरचं तर बोलायलाच नको. गावाकडे कोणी बाई मिश्री लावत असेल तर तिलाही हेच सांग. सहा-सात सिगरेटी मनाच्या जोरावर एकदम सोडणं अवघड असतं म्हणून मदत घ्यायची, केंद्र सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, आणि निकोटिनचे च्युइंगम, पॅच किंवा गोळ्या डॉक्टरांना विचारून घेता येतात. जखमेसाठी दाखवायला जाल त्याच दिवशी हा विषय काढा, कारण त्या दिवशी बाबा थोडे घाबरलेले असतील आणि ऐकायच्या मनःस्थितीत असतील.

दुसरी गोष्ट अनवाणी चालणं. आपल्याकडे याला फार मान आहे, देवळात अनवाणी, घरात अनवाणी, नवस म्हणून अनवाणी, आणि आता आरोग्य म्हणून गवतावर अनवाणी. चालण्याने शुगर उतरते हे शंभर टक्के खरं आहे, पण ती चालण्याने उतरते, अनवाणी असण्याने नाही. गवतात काच, काटा, तार काय असेल ते बधिर पायाला कळत नाही. तसंच त्या काट्याकाट्यांच्या ॲक्युप्रेशर चपला, काशाच्या वाटीचं मशीन, गरम पाण्यात पाय बुडवून बसणं, हॉट वॉटर बॅगचा शेक, हे सगळं बधिर पायांसाठी बंद. मी गरम पाण्याने भाजलेले तळवे पाहिले आहेत, पेशंटला पाणी कोमट वाटत होतं. पाणी बघायचं तर हाताच्या कोपराने बघायचं. आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी देवळाच्या फरशीवर पायांना चटके बसतात ना, बसतात म्हणून तू पळतेस, बाबा शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतील आणि संध्याकाळी फोड दिसेल. सकाळी लवकर जा म्हणावं, आणि जिथे चालत असेल तिथे जाड मोजे घालून जा.

घरात सुद्धा चप्पल हवीच. बाहेरची वेगळी आणि घरातली वेगळी ठेवा म्हणजे आईची पण कुरकुर नाही. एमसीआर नावाच्या मऊ रबराची चप्पल मिळते, मागे पट्टा असलेली घ्या, अंगठ्याची नको कारण अंगठ्याच्या बेचक्यात ती घासते आणि पायातून निसटली तरी कळत नाही. नवी कोल्हापुरी तर अजिबात नको, चांगल्या पायाला चावते ती. बूट घ्यायला संध्याकाळी जायचं, दिवसभरात पाय थोडे सुजतात त्यामुळे खरं माप तेव्हा कळतं, पुढे अर्धा इंच जागा हवी. घालायच्या आधी प्रत्येक वेळी आत हात फिरवायचा, ते चाकवाले गृहस्थ आठव. मोजे सुती, सैल इलॅस्टिकचे आणि पांढरे किंवा फिक्या रंगाचे, बाबांचे मोजे काळे असते तर तुला तो डाग दिसला असता का?

तिसरी सवय म्हणजे रोज रात्री पाय बघणं, दोन मिनिटं. तळवा, टाच, बोटांच्या बेचक्या, नखांचे कोपरे. फोड, भेग, लाली, ओल, एका पायाचा भाग दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, काहीही नवीन दिसलं की दाखवायचं. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवायचा, नाहीतर मोबाईलने तळव्याचा फोटो काढायचा. मुलीने पाय हातात घेतले की बऱ्याच बाबांना अवघडल्यासारखं होतं, मग आईने बघावं किंवा फोटोवर भागवावं, त्याचा वाद घालू नकोस. कोरड्या टाचांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं पण बोटांच्या मध्ये नाही, तिथे ओल राहिली की चिखल्या होतात आणि पावसाळ्यात तर त्या होतातच, त्यामुळे भिजून आल्यावर बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. आणि हो, पाय अचानक लाल, गरम, सुजलेला आहे पण जखमही नाही आणि दुखणंही विशेष नाही, असं कधी झालं तर मुरगळला असेल म्हणून चोळत बसायचं नाही, आतली हाडं ठिसूळ होऊन पायाचा आकारच बिघडतो असा एक प्रकार शुगरमध्ये असतो, त्यात पाऊल टेकवायचं बंद करून लगेच डॉक्टर गाठायचे.

आता शुगर. एचबीए१सी तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे बहुतेक केलेलं नसेल, बाबांचा भर त्या एका फास्टिंगवर असेल. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती टेस्ट आहे, करून घ्या. ब्रिटनमध्ये टाइप २ शुगरच्या हजारो पेशंटवर वर्षानुवर्षं एक अभ्यास चालला, यूकेपीडीएस नावाचा, त्याच्या २००० साली छापलेल्या विश्लेषणात असं दिसलं की एचबीए१सी १ टक्क्याने कमी असलेल्यांमध्ये पाय कापला जाण्याचा किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका ४३ टक्क्यांनी कमी होता. १ टक्का म्हणजे ९ वरून ८. परफेक्ट व्हायची गरज नाही, तेवढं उतरलं तरी पायाला फरक पडतो, हे बाबांना नक्की सांग कारण "आता काय उपयोग" म्हणणाऱ्या माणसाला हाच आकडा लागतो. बीपी आणि कोलेस्टेरॉल पण त्यातच आलं, रक्तवाहिन्या त्याच आहेत.

आणि बाबा सडपातळ आहेत म्हणून ते स्वतःला सुरक्षित समजत असतील तर तेही चूक. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलंय, आपली भारतीय माणसं दिसायला बारीक पण आत चरबी जास्त अशी असतात, हे त्यांनी जगासमोर मांडलं. त्यांच्याच टीमने आपल्याकडे व्हिटॅमिन बी१२ किती कमी आढळतं यावरही काम केलंय, आणि बाबा जर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेत असतील आणि शाकाहारी असतील तर ही टेस्ट आवर्जून करा, कारण ती गोळी वर्षानुवर्षं घेतल्याने बी१२ उतरू शकतं आणि ते कमी असलं तरी पाय बधिर होतात. हे भरून काढता येतं, म्हणून चुकवू नका. रात्रीची दारू असेल तर तीही नसांना मारते, पत्रात लिहिलं नाहीयेस, पण "पथ्य कशाला" म्हणणाऱ्यांमध्ये ती असते बरेचदा.

खाण्याबद्दल थोडंच सांगते, बाकी डाएटिशियन सांगतील. गूळ, मध, काकवी हे साखरेचेच भाऊबंद, उपासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आणि चहाबरोबरची खारी-टोस्ट मोजणीत धरा. पण एक गोष्ट लोक उलटी करतात, जखम झाली की माणसाचं जेवणच तोडतात, दोन भाकऱ्या आणि पालेभाजी, संपलं. जखम भरायला प्रोटीन लागतं. डाळ, मोड आलेली उसळ, ताक, पनीर, खात असतील तर अंडी-मासे हे दोन्ही वेळच्या ताटात हवं. फक्त किडनीचा त्रास निघाला तर किती ते डॉक्टरांना विचारून.

आता पालखी. हे लिहिताना मला पण जड जातंय कारण त्या दिवशी पुण्यात काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून बघत आलेय, हडपसरपासून पुढे माणसांचा नुसता पूर. पण या वर्षी नाही. बुटातही नाही. तळव्याला जखम असताना दिवेघाट चढणं म्हणजे प्रत्येक पावलाला तीच जखम दाबणं आणि तापलेलं डांबर वेगळंच. जखमेवरचा वजनाचा भार काढला नाही तर जगातलं महागातलं अँटिबायोटिक आणि ड्रेसिंग सुद्धा तिला भरू शकत नाही, डॉक्टर कदाचित प्लास्टरसारखं कास्ट किंवा खास बूट देतील तो याच्यासाठीच असतो, आणि तो घरात, रात्री बाथरूमला जाताना पण घालायचा. बाबांना सेवाच करायची असेल तर तुमच्या भागात वारकऱ्यांच्या जेवणाची, चहाची व्यवस्था करणारी मंडळं असतात, तिथे खुर्चीवर बसून भाज्या चिरून द्याव्या, द्रोण भरून द्यावे. जखम पूर्ण भरली, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, तर पुढच्या वर्षी नीट बूट घालून थोडं अंतर चालता येईल. रोजचं चालणं सुद्धा तोपर्यंत बंद, खुर्चीत बसून हातांचे व्यायाम, बाकी जखम भरल्यावर आठवड्याला १५० मिनिटांचं गणित बघू.

हॉस्पिटलमध्ये गेलात की तीन गोष्टी तोंडाने मागा, कारण गर्दीत राहून जातात. एक म्हणजे नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून बघतात ती संवेदनेची तपासणी. दुसरी पायाच्या रक्तप्रवाहाची, घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन तुलना करतात किंवा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करतात. तिसरा पायाचा एक्स-रे, हाडापर्यंत गेलंय का बघायला. आणि कोणी एखादं बोट काढावं लागेल म्हणालं तर दोन्ही टोकाला जाऊ नका, रडून घरी पळून येऊ नका आणि लगेच सही पण करू नका. रक्तप्रवाह तपासलाय का, व्हॅस्क्युलर म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवायचं का, बंद वाहिनी फुग्याने उघडता येईल का, एवढं विचारा. पण इन्फेक्शन वर चढत असेल आणि डॉक्टर घाई करा म्हणत असतील तर मग खरंच घाई करा, वेळेवर काढलेल्या एका बोटाने अख्खा पाय वाचलेला मी पाहिलाय.

चिडतात म्हणालीस ना. मला वाटतं ते चिडत नाहीयेत, भावाचा पाय गेलेला बघून हादरलेत, आणि "जाणारच आहे" असं म्हटलं की रोजची भीती जरा कमी होते. त्यामुळे सिगरेट, गोड, चप्पल, पालखी सगळं एकाच दिवशी काढून भांडू नकोस. या आठवड्यात घरी फक्त जखम, सिगरेटचं डॉक्टरांसमोर निघेल तेवढंच, बाकी कशावर एक शब्द नाही. जाताना सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि रोजचे बूट सोबत घे, बूट बघून डॉक्टरांना बरंच कळतं.

आणि काकांना विसरू नका. एक पाय गेला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि त्या दुसऱ्या पायाला धोका खूप वाढलेला असतो, पण घरचे समजतात जे व्हायचं ते होऊन गेलं. अशा पेशंटचा पाय दर एक ते तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासायला हवा. आजच गावी फोन करून काकूंना विचार, त्यांचा उरलेला पाय शेवटचा कोणी आणि कधी बघितला होता.